शिकागोचा मुराळी

तुम्ही हसलात. व्हिसा दिला नाहीत ते एक वेळ सोडून देऊ, देणं न देणं तुमच्या हातातलं. पण काचेच्या पलीकडं बसून तुम्ही हसलात, आणि हसून झाल्यावर एका सरळ माणसाला खोटा ठरवून मोकळे झालात. शिकागोला कशाला जायचंय, असं तुम्ही विचारलंत. येडगावच्या गोरखनं सांगितलं, पुतणीला आणायला. तिथं काय काय बघणार? काही नाही. किती दिवस राहणार? एक रात्र. तुमच्या शेजारी उभी असलेली दुभाषी बाई चांगली मराठी बोलणारी होती. तिनंही हे इंग्रजीत करण्याआधी त्याच्याकडं निरखून पाहिलं. "काका, नीट सांगा. एक रात्र की एक महिना?" "एकच रात्र," गोरख म्हणाला. "मुराळी एकच रात्र ऱ्हातो, ताई. सांजच्याला पोचायचं, जेवायचं, सकाळी लेकीला घिऊन निघायचं. माहेराहून लेकीला आणायला जातो तो मुराळी. तुमच्याकडं नसतो का?" ती बाई तुमच्याशी इंग्रजीत बरंच काही बोलली आणि मग तुम्ही हसलात. तेरा हजार किलोमीटर जायचं, एक जेवण जेवायचं आणि परत फिरायचं, असं करणारा माणूस तुमच्या खिडकीपुढं याआधी आला नसेल. ती सज्ञान आहे, तिचं तिला तिकीट काढून येता येत नाही का, असं तुम्ही विचारलंत. त्यावर गोरख म्हणाला, "तिचं तिला येता आलं असतं तर तिनं मुराळी कशाला मागितला असता?" हे एवढं वाक्य ऐकून तरी तुम्ही पुढचा प्रश्न विचारायला हवा होतात. विचारला नाहीत. एक छापील कागद काचेखालच्या फटीतून सरकवलात. कागदात काय आहे ते बाईनं सांगितलं: तुम्ही परत याल याची साहेबांना खात्री वाटत नाही. त्या अख्ख्या हॉलमध्ये दुसऱ्याच दिवशी परत निघायचं ठरवून आलेला एकच माणूस होता, आणि नेमकी त्याच्याच परतीची तुम्हाला शंका आली.

माळशेजच्या घाटात एसटी अडकली होती. पुढं मोटारींची रांग, मागं मोटारींची रांग, आणि रस्त्याच्या कडेला मुंबईहून धबधबा बघायला आलेली माणसं भाजलेली कणसं खात ओल्या कपड्यांनी फोटो काढत होती. गोरख खिडकीला डोकं टेकून बसला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि तरी भूक लागली नव्हती. सकाळी व्हिसाच्या रांगेत त्याच्या पुढं एक म्हातारा होता, संगमनेरकडचा. त्याला विचारलं तेव्हा तो पाठ केल्यासारखा धडाधडा बोलला होता: मुलगा आहे, नातू आहे, तळं बघणार, उंच इमारती बघणार, धबधबा बघणार, तीन महिन्यांनी परत येणार. त्याला लगेच हो म्हणाले. बाहेर आल्यावर तो गोरखला डोळा मारून म्हणाला, "धबधबा म्हणायचं राव! धबधब्यावर लई विश्वास त्यांचा." गोरखनं आता खिडकीतून कड्यावरून पडणारं पाणी पाहिलं. त्याच्या उभ्या आयुष्यात ते पाणी पडत आलं होतं. भाजीची गाडी घेऊन कल्याणला जाताना तो कितीदा याच्या खालून गेला असेल, थांबून बघावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. म्हणजे पाणी बघायला जाणारा खरा, आणि माणूस बघायला जाणारा खोटा. असं आहे का? शेजारी बसलेला पोरगेला कंडक्टर म्हणाला, "काका, काय म्हनाला का?" गोरख मोठ्यानं बोलला असावा. "न्हाई," तो म्हणाला. "तुला न्हाई."

लांब म्हणजे किती लांब, हे त्यानं स्वतःहून कधी विचारलं नव्हतं. त्याच्या मुलीनं, हर्षालीनं, फोनवर दाखवलं होतं. पृथ्वीचा गोल, त्याच्यावर मुंबईपासून शिकागोपर्यंत एक वाकडी रेघ, आणि रेघेखाली आकडे: सरळ गेलं तर तेरा हजाराला थोडे कमी, दोह्याला विमान बदलायचं, सगळं मिळून बावीस तास. ही रेघ त्यानं त्याआधीही एकदा पाहिली होती, ती पुतणीच्या, श्रेयाच्या सोयरिकीच्या बैठकीत. निरगुडसरचे रखमाजी, मुलाचे वडील, सतरंजीवर मांडी ठोकून बसले होते आणि फोन सगळ्यांपुढं फिरवत होते. "लांब लांब काय म्हनता, भगवंतराव? हितं मुंबईला पहाटं चारला बसायचं आन त्याच दिवशी दुपारी साडेतीनला शिकागो! तारीखसुद्धा बदलत न्हाई. तुमच्या बहिणीचं तळेघरचं सासर याच्यापरीस लांब व्हतं." बैठक हसली. भगवंत, गोरखचा थोरला भाऊ, श्रेयाचा बाप, सगळ्यात मोठ्यानं हसला. त्याला ते पटलं होतं. पहाटे निघून त्याच दुपारी पोचतो म्हटल्यावर घड्याळाच्या काट्यावरनं त्याचं गणित सुटलं: अकरा-साडेअकरा तास, पुण्याहून नागपूरला जाण्याएवढं. गोरखला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं, पण काय खटकलं ते बोटात धरता आलं नाही. मग लग्न झालं, कागद झाले, आणि पोरगी एकटीच मोठी बॅग ओढत विमानतळाच्या काचेआड गेली, कारण जावयाला सुट्टी नव्हती. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी हर्षालीनं परतीचं तिकीट कसं असतं ते दाखवलं. संध्याकाळी तिकडून निघालेला माणूस तिसऱ्या पहाटेला मुंबईत उतरतो. मधला एक अख्खा दिवस गिळला जातो. जाताना त्याच दिवशी, येताना तिसऱ्या. वाट तीच, विमानं तीच. रखमाजीनं बैठकीत फक्त जाण्याची बाजू दाखवली होती, आणि मुलीकडच्या एकाही शहाण्यानं, गोरख धरून, विचारलं नव्हतं की बाबा, यायला किती लागतात.

जेमतेम वरीस झालं असेल लग्नाला. सुरुवातीला ती रोज बोलायची, कधी चालता चालता, कधी भाजी चिरताना, बर्फ दाखवायची, खारी दाखवायची, बाप तोंडात घास घेऊन बोलतो म्हणून हसायची. अवसरीच्या कॉलेजात इंजिनियर झालेली पोरगी, बोलताना एका दमात तीन विषय. मग तिचा नंबर बंद झाला. सुदर्शन, तिचा नवरा, म्हणाला, फोनचा प्लॅन बदलतोय. तेव्हापासून फोन यायचा तो जावयाच्या नंबरावरून, रविवारी, टेबलावर उभा करून ठेवलेला, दोघं शेजारी शेजारी बसलेली, फोटोत बसतात तशी. ती विचारायची, विहिरीला पाणी किती आहे. सांगितलं की थोड्या वेळानं परत विचारायची, विहिरीला पाणी किती आहे. आणि ज्येष्ठातल्या एका रविवारी, भगवंत बाजारभाव सांगत असताना मध्येच ती म्हणाली, "पप्पा, औंदा पंचमीला मुराळी धाडा बरं का." भगवंत खदखदून हसला. तिकडं सुदर्शनही हसला, "मुराळी! तिकीट बघितलंय का मुराळ्याचं?" भगवंतानं हात उडवून म्हटलं, "धाडतो की, बैलगाडी जुपून धाडतो!" आणि फोन संपला. ओसरीवर गोरखची थोरली बहीण कुशाबाई टोमॅटो निवडत बसली होती, लाल एका क्रेटमध्ये, कच्चे एका क्रेटमध्ये. तिचा हात थांबला होता. "गोरख," ती म्हणाली, "ऐकलंस?" "ऐकलं." "ती धाडा म्हनली." हे भगवंताला कळलं नाही. श्रेया जन्मात कधी धाडा, औंदा असं बोललेली नव्हती. शाळेत असताना आत्याच्या तोंडी हे शब्द आले की ती खिदळायची. तिनं आत्याचे शब्द उचलून जसेच्या तसे टाकले होते, नवऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्या देखत, हसरा चेहरा ठेवून. आणि हे शब्द पहिल्यांदा कुठून निघाले होते ते या घरात फक्त तिघांना आतून माहीत होतं: कुशाबाईला, गोरखला, आणि आत्याच्या कुशीत झोपून तीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा मागणाऱ्या त्या पोरीला.

कुशाबाईला तळेघरला दिली होती. सासऱ्यांचं किराणा दुकान आणि थोडी भातखाचरं. डोंगरातला मुलूख, पावसाळ्यात बसचा नेम नसायचा. एका आषाढात तिकडून एक मीठ-मिरची विकणारा येडगावात आला, दारात पाणी प्यायला आणि उठता उठता म्हणाला, "कुशाबाईंनी सांगितलंय, औंदा मुराळी जल्दी धाडा." बस्स, एवढंच. दादा, म्हणजे वडील, असते तर म्हणाले असते, पंचमी आठवड्यावर आलीय, जाऊ की. पण आई उठली आणि तिनं धपाटे थापायला घेतले, पाच-सहा जणांना पुरतील एवढे, आणि पंचविशीही न गाठलेल्या गोरखला म्हणाली, "आत्ताच्या आत्ता निघ." डिंभ्यापर्यंत गाडी मिळाली. पुढं दरड आलेली. गोरख चालत गेला, डोक्यावर शिदोरीचं पोतं घेऊन, पायातल्या चपला हातात धरून, चिखलातून, आणि दिवेलागणीला त्या दुकानापुढं उभा राहिला. बहिणीची सासू पायरीवरूनच म्हणाली, "लावणी तोंडावर आलीय, औंदा न्हाई जमायचं." पण म्हणता म्हणताच तिनं पाय धुवायला पाणी पुढं केलं, कारण मुराळी दारात येऊन उभा राहिला होता आणि शेजारच्या दोन घरांनी त्याला येताना बघितलं होतं. आलेल्या मुराळ्याला रिकाम्या हातानं परत लावायचं म्हणजे चारचौघांत आपणच सांगायचं की आमच्या घरात काहीतरी आहे. सकाळी कुशाबाईच्या कपाळाला कुंकू लागलं, ओटी भरली गेली, आणि सासू वेशीपर्यंत गोड बोलत आली. शेवटचं घर मागं पडल्यावर कुशाबाई थांबली. "खायला आनलंयस का काई?" गोरखनं शिदोरी तिच्या हातात दिली. सासरी द्यायची विसरून ती पोत्यातच राहिली होती. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून, भिजत तिनं सगळे धपाटे खाल्ले. सगळे. चटणीचं पान बोटानं पुसून खाल्लं. तोंड पुसून उठली आणि चालायला लागली. तिच्या अंगावर कुठं डाग नव्हता, वळ नव्हता. ती परत तळेघरला गेली नाही, आणि का गेली नाहीस असं तिला गावात ज्यानं ज्यानं विचारलं त्याला गोरखनं तोंडावर शिव्या दिल्या.

हे सगळं काचेपलीकडं कसं सांगायचं? कुठल्या प्रश्नाच्या उत्तरात बसवायचं? मंचरचा एजंट म्हणाला होता, "भाऊ, डोकं चालवा. पंधरा दिवस म्हना, फिरायला चाललो म्हना. मुराळीबिराळी काढू नका, त्यांना काय कळतंय." गोरख म्हणाला होता, "मी लेकीला आणायला निघालोय. अशा कामाला निघताना खोटं बोललं तर त्या पोरीच्या दारात उभा कसा ऱ्हाऊ?" एजंटानं कपाळाला हात लावला. घरातले सगळेच कपाळाला हात लावून बसले होते. भगवंत तर चिडलाच. पोरगी गमतीनं बोलली, आणि हा निघाला सातासमुद्रापलीकडं एक रात्र ऱ्हायला! लोकं काय म्हनतील, जावई काय म्हनंल. हर्षाली मात्र रोज फोनवर मुलाखतीच्या तारखा उघडून बघत राहिली, कुणाची तरी रद्द झालेली तारीख पकडून तिनं बापाला मुंबईला पाठवलं. आणि कुशाबाईनं आदल्या दिवशी धपाटे केले. विमानात चालतात का, असलं कुणी काही विचारलं नाही. ते पिशवीत तसेच होते. त्यांचा वास आता एसटीत पसरला होता आणि पुढच्या बाकावरची बाई मागं वळून वळून बघत होती. गोरखच्या मनात एक घाणेरडा विचार सारखा तोंड वर काढत होता: पोरगी खरंच गमतीनं बोलली असेल तर? आत्याचे शब्द आठवले म्हणून उगीच बोलली असेल, आणि आपण दोन म्हाताऱ्या भावंडांनी तिकडच्या धुक्यात आपलंच तळेघर उभं केलं असेल तर? मग त्याला टेबलावर उभा केलेला तो फोन दिसायचा, त्या चौकटीत तिचे मांडीवर ठेवलेले हात, आणि विहिरीला पाणी किती आहे. आणि समजा गंमत असली, तर जाऊन खात्री करून येऊ, हसू, जेवू, परत येऊ. यात कुणाचं काय जातं? पण तेवढंसुद्धा करता येत नव्हतं. संगणकावर कोड लिहायला त्या रेघेवरून पोरंच्या पोरं जातात, नवऱ्यामागून बायका जातात, आणि मागनं पोरीचं काय चाललंय ते बघायला एक माणूस जातो म्हणाला की रेघ मध्येच तोडतात. मग त्या बैठकीत सांगायचं होतं ना, की लांब आहे. तुमच्यातलं कुणीही पोचू शकणार नाही एवढं लांब आहे. बावीस तास, बावीस तास काय लावलंय!

आळेफाट्याला भगवंताचा फोन आला. "झालं का काम?" "न्हाई म्हनले." पलीकडं श्वास सुटल्याचा आवाज आला, आणि तो सुटकेचा होता. गोरखला तो कानात चावला. "मी म्हनलं नव्हतं? आता सोड तो नाद. दिवाळीत येत्याल ती दोघं. रखमाजी म्हनत व्हते, दिवाळीला नक्की." "गेल्या दिवाळीलाबी नक्कीच व्हतं." "गोरख, हे बघ, पोरीचा बाप मी हाये." "मग तू का न्हाई घाबरला?" "काय?" "पोरीचा बाप तू हायेस ना, मग भ्या मलाच का वाटतंय? तुला का न्हाई?" भगवंत हळू म्हणाला, "वाटतं रं. पण मी मोठ्यानं म्हनलं तर ते खरं व्हईल," आणि फोन ठेवून दिला. नारायणगावला एसटी थांबली. येडगावला जाणारे सगळे उतरले. ओळखीच्या एकानं खालून हाक मारली, "ओ गोरखभाऊ, उतरायचं न्हाई का?" गोरख बसून राहिला. कंडक्टर आला तेव्हा त्यानं मंचरपर्यंतचे पैसे काढून दिले. आपण काय करतोय हे त्याला तोवर कळलेलं नव्हतं. राग मात्र अंगात इतका वेळ नुसता फिरत होता तो आता एका जागी येऊन बसला होता. पोरीचं सासर शिकागो, असं सगळे म्हणत आले होते आणि तोही म्हणत आला होता. पण माप ओलांडून ती आत गेली तो उंबरठा कुठला होता? तिची ओटी भरली ती कुणाच्या घरात? "आमच्या पदरात टाका" म्हणून हात पसरला तो कुणी? तो उंबरठा मंचरहून वडापच्या जीपमध्ये बसलं की अर्ध्या तासावर होता. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

रखमाजीचं घर निरगुडसरच्या बाहेर, उसाला लागून. जीपवाला म्हणाला, "दारातच सोडतो, पावणं, दिवस मावळला की हितं बिबट्या असतो." रखमाजी अंगणात पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसले होते. पिशवी घेऊन येणारा माणूस बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "अरे! गोरखभाऊ! असं अचानक? अगं ए, पाणी आन, येडगावचं पावणं आलं!" साळुबाई, त्यांची बायको, तांब्या घेऊन बाहेर आली, पदर सावरत. गोरखनं तांब्या घेतला, पाय धुतले, आणि प्यायचं पाणी तसंच ठेवून ओसरीच्या कडेला बसला.

"चहा टाकते," साळुबाई म्हणाली.

"नको वहिनी. मी मुळाला आलोय."

"कुनाच्या?" रखमाजी म्हणाले.

"श्रेयाच्या. पंचमीला लेकीला न्यायला आलोय. मुराळी हाये मी."

रखमाजी हसले. ते सकाळच्यासारखंच हसू होतं, काचेपलीकडचं, फक्त तोंडात तंबाखू होती. "आवो राव, काय चेष्टा करता? ती हाये शिकागोला. तेरा हजार किलोमीटर! आन तुमी तिला आनायला निरगुडसरला?"

"शिकागोला जात व्हतो. तिथं जाऊ दिलं न्हाई. आज सकाळी मुंबईला न्हाई म्हनले. तुमच्या दारात तरी येऊ द्याल ना? लगीन तुमच्या घरात झालंय तिचं. तुमी पाठवायची, आमी न्यायची. मधी किती किलोमीटर हायेत ते तुमच्या पोरानं बघावं. तुमीच म्हनला व्हता, तारीखसुद्धा बदलत न्हाई."

"आता ते बोलन्यातलं..."

"बोलन्यातलंच म्हनतोय मी. सगळं बोलन्यातच ठरलंय, कागद कुठं केला व्हता?"

रखमाजींचं हसू ओसरलं. "काई तक्रार हाये का तुमची? पोरगी काय बोलली का?"

"ती बोलू शकत असती तर मी हितं आलो नसतो. तिला नंबर न्हाई तिचा. चार म्हयने झालं, जावईबापू शेजारी असल्याबिगर तिचा आवाज आमाला आला न्हाई. तुमाला आलाय?"

हे त्यानं रखमाजीला विचारलं होतं, पण साळुबाई दारातल्या दारात उभी राहिली. हातातलं चहाचं पातेलं तिनं खाली ठेवलं नाही. "मला बी न्हाई," ती म्हणाली. आणि मग नवऱ्याकडं न बघता, "मी इचारलं व्हतं सुद्याला. म्हनला, आई, तिला लाज वाटती."

"तू आत जा," रखमाजी म्हणाले.

"मुराळी आलाय," साळुबाई म्हणाली. "आत जाऊन काय करू? त्यांनी पानीसुद्धा घेतलं न्हाई. आपल्या दारातनं मुराळी उपाशी गेला असं मला पुढं ऐकायचं न्हाई. फोन लावा."

"आत्ता? तिकडं..."

"सकाळचे आठ वाजलेत तिकडं. रोज मीच लावते, मला ठावं हाये. लावा."

रखमाजींनी फोन लावला, कारण आता न लावण्याचं काही कारण सांगता येईना. सुदर्शन दिसला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचा पट्टा. मागं पांढरी भिंत. "पप्पा, निघतोय मी. काय झालं?" रखमाजींनी फोन गोरखकडं वळवला.

"काका? तुम्ही तिकडे कसे?"

"श्रेयाला द्या जरा, जावईबापू."

"ती आंघोळीला गेलीय."

"मी थांबतो. फोन टेबलावर ठेवा आन तुमी कामाला जावा."

"माझा फोन ठेवून कसा जाऊ, काका?" तो हसला. "काय अर्जंट आहे का? मला मीटिंग आहे." आणि गोरखनं कशासाठी आलोय ते सांगितल्यावर त्यानं समजूत घालायचा आवाज लावला, ऑफिसात लावत असेल तसला. "काका, तुम्हाला वाटतं तसं सोपं नाही हे. बावीस तासांचा प्रवास आहे. दोह्याला टर्मिनल बदलायचं, धावपळ असते, एकट्या बाईला जमत नाही."

"एकटीच गेली व्हती ती. मी सोडायला आलो व्हतो. जाताना जमलं, यायलाच जमंना?"

तेव्हा सुदर्शनच्या मागं कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मोठा नव्हे, सिंकमध्ये वाटी ठेवावी तेवढा. सुदर्शननं मान वळवली, फोन हलला, छताचा एक तुकडा आणि पंख्याचं पातं दिसलं. आंघोळीला गेलेल्या माणसाच्या हातून स्वयंपाकघरात वाटी कशी वाजते, हे इकडच्या तिघांनीही एकाच वेळी मनात विचारलं असणार, कारण तिघंही फोनवर वाकले. "श्रेया!" गोरख ओरडला. "ए पोरी! मी मुळाला आलोय! निरगुडसरला बसलोय, तुझ्या सासूच्या दारात!" पलीकडं पावलं वाजली आणि ती फोनच्या दिशेनं वाजत आली, आणि मग थांबली.

"काका, प्लीज ओरडू नका," सुदर्शन म्हणाला. त्याचा आवाज आता घाईचा झाला होता. "आणि असं लगेच निघता येत नाही. तिचा पासपोर्ट ऑफिसच्या लॉकरमध्ये आहे. मी ठेवलाय. घरात हरवतात गोष्टी."

गोरख काही बोलणार, एवढ्यात साळुबाईनं पातेलं ओसरीच्या कडेला ठेवलं, ओला हात पदराला पुसला आणि नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला. रखमाजी म्हणाले, "अगं, तुला काय कळतंय त्यातलं?" तिनं तिकडं पाहिलं नाही. फोन तिनं तोंडापुढं दोन्ही हातांनी धरला, जवळ, इतका की पलीकडं तिचे डोळेच तेवढे दिसत असतील.

"सुद्या, तुझा पासपोर्ट कुठाय?"

"माझा? आई, तू मध्ये पडू नको."

"कुठाय तुझा?"

"घरातच आहे. कपाटात. पण तो वेगळा विषय..."

"तुझा घरात हरवत न्हाई," साळुबाई म्हणाली. "मग तिचाच कसा हरवतो रं? खाली बघू नको. माझ्याकडं बघ आन सांग. तिचा का न्हेऊन ठिवला?"

सुदर्शननं गळ्यातला पट्टा चाचपला. त्याच्या मागं, पांढऱ्या भिंतीला धरून, ओढणीचा एक कोपरा हलत होता.

"बोल," साळुबाई म्हणाली. "मुराळी दारात बसलाय. बोल की!"